कोमाला आणि आपल्याकडची ओस गावे: अशा कादंबरीत पाऊल कोणी टाकावे?

ग्रंथपाल_अंबाजोगाई

आमच्या वाचक मंडळाने या महिन्यात हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘पेद्रो पारामो’ ही कादंबरी वाचली. नऊ जणांपैकी चौघांनी ती अर्ध्यावर सोडली, दोघांनी मात्र लागोपाठ दोनदा वाचली. एवढ्या लहान पुस्तकावरून आमच्याकडे इतका वाद याआधी झालेला नाही. येथून पुढे कथानक उघड होणार आहे, तेव्हा ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी आधी वाचून मग या धाग्यावर यावे.

हुआन प्रेसियादो नावाचा तरुण, मरणशय्येवरील आईला दिलेल्या शब्दाखातर, कधीही न पाहिलेल्या बापाकडे आपल्या हक्काचे मागायला कोमाला नावाच्या गावी निघतो. वाटेत त्याला आबुंदियो नावाचा खेचरवाला भेटतो. तो सहज सांगतो की, मीही त्याच बापाचा मुलगा आहे आणि बाप मरून पुष्कळ वर्षे झाली. गावात शिरल्यावर जिच्या घरी मुक्काम करायचा ती दोन्या एदुविहेस म्हणते की, तू येणार हे तुझ्या आईने मला आजच कळवले. आई तर वारली, असे तो सांगतो, तेव्हा ती दचकत नाही. म्हणूनच तिचा आवाज इतका क्षीण येत होता, एवढेच म्हणते. पुढे हळूहळू कळते की गावात जिवंत असे कोणी उरलेलेच नाही, वाट दाखवणारा तो खेचरवालासुद्धा नाही, आणि निम्म्या वाटेवर खुद्द निवेदकच मरतो.

माझा प्रश्न असा आहे. जगापासून तुटलेल्या गावाची गोष्ट सांगायला अशा लेखकांना बाहेरून येणारा माणूस का लागतो? गाव स्वतःला तुटलेले समजते, की तसे ते फक्त येणाऱ्याला वाटते? आणि अशी कादंबरी मराठवाड्यात लिहायची झाली तर तिच्यात पाऊल टाकणारा माणूस कोण असावा?

बालाघाटी

तुम्ही मंडळात सांगितलेली घोंगडीची गोष्ट खरोखर कादंबरीत आहे, की आमच्या उन्हाळ्याला चिडवण्यासाठी तुम्ही ती जोडलीत?

ग्रंथपाल_अंबाजोगाई

खरोखर आहे. तो खेचरवाला सांगतो की कोमाला म्हणजे निखाऱ्यांवर, नरकाच्या अगदी तोंडाशी वसलेले गाव आहे, आणि तेथले मेलेले लोक नरकात पोहोचल्यावर तेथे थंडी वाजते म्हणून आपले पांघरूण न्यायला परत येतात.

उस्मानाबादी_शेळी

मग आपल्या अंबाजोगाईच्या संत दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरण हा आपला वेदान्तग्रंथ लिहून ठेवला हे फार दूरदृष्टीचे झाले म्हणायचे. अक्षरांनी भरलेले पांघरूण न्यायला नरकातून कोणी येणार नाही.

सरळमार्गी

मी ही कादंबरी वाचली आहे आणि ती थोर आहे हे मला मान्य आहे, पण तिच्या आधाराने मराठवाड्याकडे पाहणे मला धोक्याचे वाटते. आपली गावे ओस पडतात त्यामागे शाप नाही, कुजबुज नाही आणि नरकाचे तोंडही नाही. त्यामागे कोरडवाहू जमीन आहे, उपसा करून रिकाम्या केलेल्या विंधनविहिरी आहेत आणि पाणी कमी असलेल्या भागात उसाला दिलेले पाणी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा बाहेरून आलेल्या कित्येकांनी ते दृश्य चमत्कार पाहावा तसे टिपले. आम्ही लातूरकर मात्र त्या वेळी टँकरचा क्रमांक कधी लागतो हे पाहत होतो. दुष्काळाला जादूचा मुलामा दिला की तो कोणाचाच दोष उरत नाही. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की कोणीही पाऊल टाकू नये, आणि टाकलेच तर सोबत पाणलोटाचा नकाशा घेऊन टाकावे.

मुकादमाचा_पुतण्या

सरळमार्गी, तुमचे म्हणणे तोडण्यासाठी नव्हे, पण ही कादंबरी वाचताना मी ज्या पानावर थांबलो त्याविषयी सांगतो.

एदुविहेस हुआनला झोपायला खोली देते तेव्हा घर सामानाने खच्चून भरलेले असते. गाव सोडून गेलेल्यांनी आपल्या वस्तू तिच्याकडे ठेवायला दिल्या आणि त्या न्यायला कोणीही परत आले नाही, असे ती सांगते. हे वाचताना मला पाटोद्याच्या बाजूचे आमचे गाव डोळ्यांसमोर आले. दसरा झाला की मुकादमांच्या ऊसतोड टोळ्या हलतात, दिवाळीच्या सुमारास उरलेले कोयतेही जातात, आणि मग गुढीपाडव्यापर्यंत गावात म्हातारी माणसे, ज्यांना कोणाकडे तरी ठेवता आले अशी शाळकरी मुले आणि कुत्री एवढेच राहते. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर दिली जाते.) माझ्या आजीकडे एका पितळी डब्यात अकरा घरांच्या किल्ल्या असत. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाच्या लुगड्याची चिंधी बांधलेली असे, कारण आजीला वाचता येत नव्हते. दर अमावास्येला ती त्या अकरा घरांचे दार उघडून उंबरठ्यावर पाणी शिंपडायची आणि प्रत्येक घरात शिरताना घरच्या बाईचे नाव घेऊन हाक मारायची. मी लहानपणी विचारले होते की आत कोणी नसताना तू हाक का मारतेस. ती म्हणाली, “घराला सवय राहावी म्हणून.”

एका वर्षी त्यांपैकी दोन घरे परत आलीच नाहीत; कारखान्याच्या गावाबाहेर पालातच राहिली ती कायमची. किल्ल्या मात्र डब्यात होत्या, चिंध्यांसह. आजी गेल्यावर त्यांचे काय करावे हे कोणालाच समजले नाही आणि डबा अजून आमच्या देवळीत आहे.

यात जादू कोठे आहे, असे तुम्ही विचाराल, आणि मला ते दाखवता येणार नाही. पण रुल्फोने हे पाहिले असते तर त्याला फारसे काही बदलावे लागले नसते, एवढे मी सांगू शकतो. राहिला प्रश्न कारणांचा. माझा काका मुकादम होता आणि उचल कशी फिटत नाही हे मी घरातच पाहिले आहे. ते कारण सांगून टाकल्यावरही ती हाक शिल्लक उरते, एवढाच माझा मुद्दा आहे.

बालाघाटी

अकरा चिंध्यांचे हे वर्णन वाचून मी जेवण अर्धे सोडून उठलो.

पैठणची_माहेरवाशीण

मूळ धाग्याला धरून आणखी एका कादंबरीची भर घालते, कारण बाहेरून येणाऱ्या माणसाचा प्रश्न तिच्यात अधिक उघडपणे मांडला आहे. आलेखो कारपेंतिएर या क्युबन लेखकाची १९५३ सालची ‘द लॉस्ट स्टेप्स’. मोठ्या शहरात राहून कंटाळलेला एक संगीतकार आदिम वाद्ये मिळवण्याच्या कामगिरीवर दक्षिण अमेरिकेतील एका महानदीने आत आत जातो, आणि जसजसा आत जातो तसतसा काळाचा एकेक थर मागे टाकत जातो. शेवटी तो सांता मोनिका नावाच्या, अरण्यात नुकत्याच वसवलेल्या वस्तीत पोहोचतो. तेथे त्याला रोसारियोचा सहवास मिळतो, शांती मिळते आणि कित्येक वर्षे न सुचलेले संगीत सुचू लागते. अडते ते कागदावर. वस्तीत मोजक्या वह्या आहेत आणि त्या वस्तीचे कायदे लिहिण्यासाठी लागणार आहेत. याला मात्र स्वरलेखनासाठी त्याच हव्या असतात. पुढे त्याला शोधत विमान येते तेव्हा तो, थोड्या दिवसांत परततो, असे ठरवून शहरात जातो. परत येतो तेव्हा नदी चढलेली असते आणि आत जाणाऱ्या फाट्यावरच्या झाडावर कोरलेली खूण पाण्याखाली गेलेली असते. रोसारियोने तोवर दुसऱ्याशी लग्न केलेले असते. ग्रंथपालांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते: वस्ती स्वतःला हरवलेली समजतच नाही. ती आपले कायदे लिहीत असते.

आता ‘जादू’ या शब्दाविषयी. कारपेंतिएरने १९४३ मध्ये हैतीत तेथील राजाच्या किल्ल्याचे आणि राजवाड्याचे भग्नावशेष पाहिले आणि १९४९ मध्ये आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत ‘अद्भुत वास्तव’ असा शब्दप्रयोग केला. लेखकाने अद्भुत रचून आणायचे नसते, त्या भूमीच्या इतिहासात आणि श्रद्धेत ते आधीच असते, असे त्याचे म्हणणे होते. हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागते का? माझ्या माहेरी रेड्याने वेद म्हटले. औंढ्याला नामदेवांना मंदिराच्या मागे घालवले तेव्हा मंदिरच त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मात्र मागच्या बाजूला राहिला. तेथे गेलेला माणूस आजही आधी नंदी कोठे आहे ते पाहतो. तुळजापूरला भवानीची मूर्ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, आणि त्या दिवसांत देवी झोपली आहे हे आमची मामी अशा स्वरात सांगते, जसे कोणी घरातले पाहुणे झोपले आहेत म्हणून हळू बोला असे सांगते. रुल्फोची एदुविहेस मेलेल्या बाईच्या निरोपाविषयी बोलते तो स्वर नेमका हाच आहे. माझ्या मते या सगळ्या कादंबऱ्यांचे रहस्य घटनांत नसून त्या स्वरात आहे.

सरळमार्गी

रेड्याने वेद म्हटले याला तत्कालीन सभेखेरीज साक्षीदार नाही.

पैठणची_माहेरवाशीण

पेद्रो पारामोलाही मेलेल्यांखेरीज साक्षीदार नाहीत, तरीही ती कादंबरी थोर आहे असे तुम्हीच वर म्हटले आहे.

उस्मानाबादी_शेळी

बैठकीचे टिपण: रेड्याच्या बाजूने एक मत, नकाशाच्या बाजूने एक मत, शेळी तटस्थ.

जुने_गाव_नवे_गाव

मी या संकेतस्थळावर क्वचितच लिहितो, पण येथे लिहिणे भाग आहे. माझे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडले. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. मी तेव्हा पाचवीत होतो. आमची घरे माळवदाची होती, दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात ज्या थरामुळे घर गार राहायचे, त्याच्याच खाली पहाटे चार वाजण्याच्या सुमारास माणसे गेली.

मृतांच्या आवाजाविषयी वर ज्या सहजतेने चर्चा चालली आहे त्याबद्दल माझी तक्रार नाही, मात्र एक फरक लक्षात आणून द्यावासा वाटतो. आमचे नवे गाव जुन्यापासून दूर, सरळ रस्त्यांचे, चौकोनी आखलेले असे मिळाले. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची होती, त्यामुळे तिन्ही प्रकारांच्या ओळी वेगवेगळ्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार तुटले. माझी आई आजही नव्या गावात पत्ता सांगताना जुन्या गावाचा सांगते. “वेशीच्या आत डाव्या हाताला, लिंबाच्या पुढं,” असे ती म्हणते आणि ऐकणाराही बरोबर त्या घरी जातो, कारण त्यालाही जुने गाव पाठ आहे. नव्या गावात वेस नाही आणि तो लिंब जुन्या गावाच्या ढिगाऱ्यात, वेड्या बाभळींच्या मध्ये आहे. आता माझी मुलगी तोच पत्ता सांगते, आणि तिने तर जुने गाव उभे पाहिलेलेच नाही.

याला जादुई वास्तववाद म्हणावे की नाही हे जाणकारांनी ठरवावे. बाहेरून येणाऱ्या माणसाविषयी एवढेच सांगतो: भूकंपानंतर फार माणसे बाहेरून आली. काहींनी आमच्यासाठी खरोखर घाम गाळला, त्यांचे उपकार आहेत. परंतु “तुला रात्री काही ऐकू येते का?” असे मला विचारणारेही त्यांत एक गृहस्थ होते. मी अकरा वर्षांचा होतो. मी “हो” म्हटले, कारण त्यांना ते हवे होते हे मला कळले होते. हुआन प्रेसियादोबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठी की तो गोष्ट गोळा करायला गेलेला नाही. तो आईचे हक्काचे येणे मागायला गेला आहे.

मुकादमाचा_पुतण्या

यावर उत्तर देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वाचले, एवढे कळवतो.

ग्रंथपाल_अंबाजोगाई

जुने_गाव_नवे_गाव, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. तुमचे शेवटचे वाक्य मी मंडळात वाचून दाखवणार आहे, आपली हरकत नसल्यास.

सरळमार्गींच्या आक्षेपाकडे वळतो. रुल्फोच्या कादंबरीत दोष कोणाचाच उरत नाही, हे मला पटत नाही. पेद्रो पारामो हा जमिनी गिळणारा माणूस आहे. हुआनच्या आईशी त्याने लग्न केले ते तिच्या घराण्याला असलेले आपले देणे बुडवण्यासाठी. तोरिबियो आल्द्रेते बांधाच्या वादात आडवा आला म्हणून त्याला फासावर टांगण्यात आले, आणि ज्या खोलीत हे घडले त्याच खोलीत झोपलेल्या हुआनला रात्री त्याची किंकाळी ऐकू येते. म्हणजे कादंबरीतला सर्वांत मोठा भुताटकीचा प्रसंग हा बांधाचा खटला आहे! आपल्याकडे १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला, त्याआधीच्या जहागिरी आणि देशमुख्या ज्यांच्या घरात सांगितल्या जातात त्यांना हा प्रसंग परका वाटू नये. शिवाय रुल्फो सहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांचा खून झाला होता; त्या प्रदेशातील हिंसा त्याने ग्रंथालयात बसून गोळा केलेली नव्हती.

गाव मरते तेही शापाने नव्हे. पेद्रोची लाडकी सुसाना वारते तेव्हा तीन दिवस घंटा वाजत राहतात. त्या ऐकून आजूबाजूच्या गावांतून लोक येऊ लागतात, गर्दी जमते म्हणून वाजंत्री आणि सर्कस येते, आणि बघता बघता सुतकाची जत्रा होऊन बसते. पेद्रो संतापून ठरवतो की आता मी हाताची घडी घालून बसेन आणि कोमाला उपाशी मरेल. आणि तसेच होते. एका माणसाच्या हातात गावाची सगळी शेती असली की त्याने नुसती हाताची घडी घातली तरी पुरते. पाणलोटाच्या नकाशात ही घडी दिसेल का?

सरळमार्गी

पाणीवाटपाच्या ठरावात दिसेल. पण तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि जत्रेच्या त्या प्रसंगाकडे मी घाईत वाचल्यामुळे दुर्लक्ष केले होते.

गंगापूरकर

थोडे आमच्या पाण्याविषयीही. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि सुमारे १०२ टीएमसीच्या नाथसागर या जलाशयाखाली आमच्या आजोळची गढी गेली. नाथसागर तळाला गेलेल्या उन्हाळ्यात घरांची जोती उघडी पडतात, आणि तेव्हा आजोबा तेथे जाऊन आपल्या ओसरीच्या जागी बसून येत असत. कारपेंतिएरच्या नायकाची खूण पाणी चढल्यामुळे हरवली. आमची पाणी उतरल्यावर सापडते, एवढाच फरक आहे. दुष्काळ पडावा असे मनात येणारा मराठवाड्यातला बहुधा तो एकटाच माणूस असेल आणि त्याला त्याची लाजही वाटायची.

नवखा_वाचक

हा सगळा धागा वाचून मी कादंबरी मागवली आहे. इंग्रजी अनुवाद कोणता घ्यावा, आणि ती सोडून देणाऱ्या चौघांत माझी गणना होऊ नये म्हणून काय करावे?

पैठणची_माहेरवाशीण

मार्गारेट सेयर्स पेडन यांचा १९९४ चा अनुवाद मी वाचला आहे आणि तो चांगला आहे; डग्लस वेदरफोर्ड यांचा नवा अनुवाद २०२३ मध्ये आला आहे. पुस्तकात प्रकरणे नाहीत, फक्त लहान लहान तुकडे आहेत आणि बोलणारा तुकड्यागणिक बदलतो. कोण बोलते आहे हे पहिल्या वाचनात शोधत बसू नका. आजीच्या घरी माजघरात झोपलेले असताना ओसरीवरच्या गप्पा जशा कानावर येतात, तसे ऐकत जा. या कादंबरीचे आधीचे एक नावच मुळी ‘कुजबुज’ अशा अर्थाचे होते. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला आहे, पण तो नंतर पाहावा.

निवृत्त_तलाठी

धागा उशिरा वाचला. ग्रंथपालांचा तिसरा प्रश्न अजून मोकळाच आहे असे दिसते, म्हणून लिहितो.

आपल्याकडच्या कादंबरीत पाऊल टाकणारा माणूस वारस नोंदीसाठी गावी आलेला मुलगा असावा. हुआन प्रेसियादो तरी दुसरे काय करायला गेला होता? मी तीन तालुक्यांत नोकरी केली आणि अनुभवाने सांगतो की मेलेला माणूस सातबारावर मरत नाही. वारसांनी अर्ज करावा लागतो, गाव नमुना सहा-क मध्ये नोंद व्हावी लागते, फेरफार मंजूर व्हावा लागतो. तोवर तो खातेदार असतो, त्याच्या नावे पीक पेरले जाते, त्याच्या नावे सारा भरला जातो. काही खात्यांवर मी तीन पिढ्यांचे मृत खातेदार गुण्यागोविंदाने नांदताना पाहिले आहेत.

अशा नोंदी दुरुस्त व्हाव्यात म्हणून चावडी वाचन असते. खातेदारांची नावे गावासमोर मोठ्याने वाचायची आणि कोणी मयत असेल तर लोकांनी सांगायचे. एका डोंगरी गावात, टोळ्या गेल्यानंतरच्या दिवसांत, मारुतीच्या पारावर मी वाचायला बसलो. समोर सात-आठ म्हातारी माणसे होती. मी नाव वाचायचो आणि कोणीतरी म्हणायचे, “वारला.” पुढचे नाव, “वारला.” असे बराच वेळ चालले. मग एक नाव आले आणि कोणीच बोलेना. मी पुन्हा वाचले. तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक आजी पदर सावरत म्हणाली, “हायेत की. कुठं जायलेत ते?” बाकीचे खाली पाहत राहिले. कोतवालाने माझ्या कानाशी येऊन सांगितले की तिचा नवरा जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. मी त्या नावापुढे काहीच लिहिले नाही आणि पुढचे नाव वाचले.

ग्रंथपाल_अंबाजोगाई

आमच्या पुढच्या बैठकीला आपण यावे अशी विनंती आहे. प्रवासखर्चाची सोय नाही, चहाची आहे.

सरळमार्गी

मला एक व्यावहारिक शंका आहे. त्या आजींची वारस नोंद पुढे झाली का? नवऱ्याच्या नावे जमीन राहिली म्हणजे त्यांना पीक कर्ज किंवा अनुदान मिळण्यात अडचण आली असणार.

निवृत्त_तलाठी

अडचण आली होतीच, आणि म्हणूनच अखेर नोंद झाली. मृत्यू ऊसतोडीच्या फडावर, परजिल्ह्यात झाला होता, त्यामुळे दाखला तिकडून मिळवण्यात दोन हंगाम गेले. फेरफार मंजूर झाल्यावर मी स्वतः जाऊन नवा सातबारा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, नवऱ्याचे नाव जेथे असायचे त्या जागेवर बोट ठेवले आणि मला विचारले, “मग आता त्यांनी ऱ्हायचं कुठं?”